विरंगुळा : मैदानातला आणि घरातला

१९०८ साली अमेरिकेत एक गाणे लोकप्रिय झाले. आजही तेथील बेसबॉलच्या मैदानांवर सातव्या डावाच्या मध्यावर हजारो प्रेक्षक उभे राहून ते एका सुरात म्हणतात. मात्र गर्दी म्हणते ते केवळ त्याचे ध्रुपद. मूळ कडवी फारशी कोणाला ठाऊक नसतात, आणि गाण्यातली गोष्ट नेमकी त्या कडव्यांत आहे. केटी केसी नावाच्या एका तरुणीला तिचा प्रियकर शनिवारी नाट्यगृहातला खेळ पाहायला नेऊ इच्छितो. ती त्याला साफ नकार देते आणि बेसबॉलच्या सामन्याचा हट्ट धरते. गंमत अशी की हे गीत लिहिणाऱ्या जॅक नॉरवर्थने स्वतः पहिला मोठा सामना पाहिला तो तब्बल १९४० साली!

त्या काळच्या तरुण जोडप्यापुढे पर्याय होते ते नाट्यगृह की मैदान, एवढेच. दोन्ही घराबाहेरचे आणि दोन्ही चारचौघांत बसून अनुभवायचे. आजच्या अमेरिकन जोडप्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. बाहेर पडायचेच कशाला? घरात भिंतीएवढा पडदा आहे, हजारो चित्रपट बोटाच्या टोकावर आहेत, जेवण दारात येते आणि जो सामना पाहायला जायचे तोही त्याच पडद्यावर मैदानापेक्षा स्पष्ट दिसतो. दिवसभर नोकरी करून दमलेल्या दोघांनी सोफ्यावर अंग टाकले तर त्यांना दोष तरी कसा द्यावा?

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-सुना, लेकी-जावई त्या देशात संसार करीत आहेत. दोन-चार महिने त्यांच्याकडे राहून आलेली मंडळी परतल्यावर तेथील रस्ते, शिस्त आणि बर्फ यांविषयी भरभरून बोलतात. पण मुलांची शनिवारची संध्याकाळ कशी जाते, हे सांगताना त्यांचा स्वर थोडा उतरतो. म्हणूनच या विषयाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

ठोकळेबाज चित्र

अमेरिकन कुटुंबाविषयी आपल्याकडे एक ठोकळेबाज चित्र रंगविले जाते. तेथे नाती नाहीत, परंपरा नाहीत, प्रत्येक जण स्वतःपुरता जगतो, असे व्यासपीठावरून सांगितले की टाळ्या हमखास पडतात. हे चित्र अर्धवट आहे. बेसबॉलच्या मैदानात एखादी दुपार घालविणाऱ्याला त्याचा दुसरा अर्धा भाग दिसतो.

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ८१, घरच्या मैदानावर होतात. वर्षातून एकदा येणाऱ्या जत्रेसारखा हा प्रकार नव्हे. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालणारा तो गावाचा नित्यक्रम आहे. बोस्टनचे फेनवे पार्क १९१२ सालचे, शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ सालचे. आजोबांनी जेथे बसून सामना पाहिला, तेथेच नातू बसतो. ज्या समाजाला आपण परंपराहीन म्हणतो, त्याने शंभर वर्षांहून जुनी दोन मैदाने जपली आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

या खेळात मोकळ्या जागा पुष्कळ. चेंडू फेकणारा पिचर क्षणभर थांबतो, फलंदाज पवित्रा बदलतो, बाजू बदलताना काही मिनिटे जातात. नवख्याला हा कंटाळवाणा प्रकार वाटतो. वास्तविक संवाद घडतो तो याच फटींतून. शेजारच्या अनोळखी कुटुंबाशी दोन शब्द होतात, शेंगांची पुडी इकडून तिकडे जाते. अनेक जण मांडीवर नोंदवही घेऊन सामना लिहून काढतात. मैदानावरील प्रत्येक जागेला १ ते ९ असे क्रमांक असतात. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला व फलंदाज बाद झाला, तर वहीत ६-३ अशी नोंद होते. बाप लेकाला ही लिपी शिकवतो, नवरा बायकोला शिकवतो. कित्येकदा बायकोच नवऱ्याला शिकवते. एखाद्या तरुण जोडप्याने ही वही मिळून भरली, तर ते दोघे तीन तास एकाच गोष्टीकडे लक्ष देत असतात. संसारात असे तीन तास आजकाल किती मिळतात?

यंत्र घरात आले

मग घरबसल्या करमणुकीने या साऱ्यावर घाला घातला, असे म्हणून मोकळे व्हावे काय? इतिहास पाहिला तर उत्तर इतके सरळ नाही.

५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने मेजर लीगच्या सामन्याचे पहिले रेडिओ प्रसारण केले. क्लबांचे मालक धास्तावले. घरी फुकट ऐकायला मिळाल्यावर तिकीट काढून कोण येणार? न्यूयॉर्कच्या तीन क्लबांनी तर आपसांत करार करून १९३४ पासून पाच हंगाम रेडिओला मैदानाबाहेर ठेवले. ती भीती खोटी ठरली. दुपारी घरकाम करता करता वर्णन ऐकणाऱ्या गृहिणी खेळाच्या चाहत्या झाल्या आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह मैदानावर येऊ लागल्या.

इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या काळाचे चित्र रेखाटले आहे. वडिलांनी त्यांना लहानपणीच नोंदवही लिहायला शिकविली. दुपारी रेडिओवर ब्रुकलिन डॉजर्सचा सामना ऐकायचा, चेंडूगणिक नोंद करायची आणि संध्याकाळी वडील कामावरून परतले की संपूर्ण सामना त्यांना कथन करायचा, असा त्या मुलीचा नेम होता. इतिहास सांगण्याची गोडी आपल्याला तेथे लागली, असे त्या मानतात. ही घरातलीच करमणूक होती, यंत्राच्या आधारानेच चाललेली होती. पण तिने बाप-लेकीला जवळ आणले. म्हणजे दोष घराच्या भिंतींचा नाही आणि यंत्राचाही नाही. ते यंत्र माणसांना एकत्र बसविते की वेगवेगळ्या खोल्यांत पाठविते, यावर त्याचे मोल ठरते.

दूरचित्रवाणीने नेमका येथे फरक केला. २६ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रुकलिनच्या एबट्स फील्डवरून मेजर लीगचा सामना पहिल्यांदा पडद्यावर दिसला. १९५० साली अमेरिकेत दहांतील एका घरातही हा संच नव्हता; १९६० पर्यंत तो दहांतील जवळजवळ नऊ घरांत पोहोचला. त्याच काळात लहान शहरांतील बेसबॉलचे कंबरडे मोडले. १९४९ साली मायनर लीग या छोट्या संघांच्या ५९ लीग होत्या. पुढील दीड दशकात त्यांची संख्या एक तृतीयांशाच्या आसपास आली. मोटारी, उपनगरे, वातानुकूलित घरे ही कारणेही होतीच. परंतु पडद्यावर न्यूयॉर्कचा नामांकित खेळाडू दिसत असताना गावातल्या मैदानावर शेजाऱ्याच्या मुलाचा खेळ पाहायला कोण जाणार, हे कारण मोठे होते. श्रेष्ठ दर्जाचे परके पाहण्याच्या नादात मध्यम दर्जाचे आपले हरवले. स्थानिक नाट्यसंस्था, गावचा गवई, शाळेचे स्नेहसंमेलन यांच्या बाबतीत हेच आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

एकट्याचा खेळ

हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट पुटनम यांनी १९९५ साली एक निबंध व २००० साली एक ग्रंथ लिहून अमेरिकेला आरसा दाखविला. त्यांनी उदाहरण घेतले बोलिंग या खेळाचे. १९८० ते १९९३ या काळात तेथे बोलिंग खेळणाऱ्यांची संख्या सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. मात्र संघ करून नियमित स्पर्धांत खेळणारे सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. लोक खेळत होते, पण आपल्या मंडळाबरोबर नव्हे. क्लब, चर्च, पालकसभा अशा सर्वच ठिकाणी त्यांना ही गळती आढळली. या ऱ्हासाचा साधारण पाव हिस्सा त्यांनी घरातल्या इलेक्ट्रॉनिक करमणुकीच्या खाती मांडला.

पुटनम यांचा ग्रंथ आला तेव्हा नेटफ्लिक्स टपालाने तबकड्या पाठवीत होते. २००७ साली त्याच कंपनीने चित्रपट थेट घरच्या पडद्यावर आणले आणि पाठोपाठ प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला. पूर्वी एका संचापुढे घर भांडत तरी होते. आज नवरा एका कोपऱ्यात सामना पाहतो, बायको दुसऱ्या कोपऱ्यात मालिका. भांडण नाही आणि संभाषणही नाही. अमेरिकन कामगार खात्याच्या पाहण्यांनुसार तेथील माणसाला दिवसाला सरासरी पाच तासांच्या आसपास फुरसत मिळते. त्यातील निम्मा वेळ दूरचित्रवाणीपुढे जातो, तर माणसांशी गप्पा-गोष्टींसाठी जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो. वेळ नाही, ही तक्रार त्यामुळे पुरती खरी नाही. वेळ आहे, तो एकांतात खर्ची पडतो.

२०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकाकीपणाला सार्वजनिक आरोग्याची समस्या ठरवून देशाला सावध केले. मूळचे कर्नाटकातील घराणे असलेल्या या डॉक्टरांनी दिलेली एक आकडेवारी बोलकी आहे. मित्रांच्या प्रत्यक्ष सहवासात २००३ साली अमेरिकन माणूस दिवसाला साठ मिनिटे घालवीत असे. २०२० साली ती वीस मिनिटांवर आली. २०२० हे महामारीचे वर्ष होते हे खरे. पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती.

त्याच वर्षी बेसबॉलने एक विलक्षण दृश्य दाखविले. हंगाम ६० सामन्यांचा झाला आणि तो प्रेक्षकांविना खेळला गेला. खुर्च्यांवर पुठ्ठ्याच्या माणसांच्या आकृत्या बसविल्या आणि एका व्हिडिओ गेमसाठी मुद्रित करून ठेवलेला गर्दीचा आवाज मैदानात वाजविला. घरी बसून पाहणाऱ्याला खेळ पूर्ण दिसत होता, तरीही ती खोटी गर्दी आणावी लागली. याचा अर्थ एवढाच की पडद्यावरचा सामना ज्याला हवा असतो, त्यालाही मैदानातली माणसे हवी असतात. सगळेच घरी बसले तर घरी पाहण्यासारखे काही उरत नाही.

घरच्या पडद्याचा आणखी एक धोका नव्याने उभा राहिला आहे. मे २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अमेरिकेतील राज्यांना खेळांवरील जुगार कायदेशीर करण्याची मुभा मिळाली. आता सोफ्यावर बसलेला तरुण प्रत्येक चेंडूवर फोनवरून पैसे लावू शकतो. याच खेळाने १९८९ साली पीट रोज या महान खेळाडूला सट्ट्यापायी हद्दपार केले होते. ती शिक्षा देणारे आयुक्त बार्ट जियामत्ती हे मूळचे युरोपीय प्रबोधनकाळाच्या साहित्याचे प्राध्यापक आणि येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. समाज आपली फुरसत कशी घालवतो यावरून त्याची मूल्ये ओळखता येतात, अशा आशयाचे त्यांचे छोटेखानी पुस्तक त्याच वर्षी त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. जून २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या तरुण खेळाडूवर बेसबॉलवरच पैसे लावल्याबद्दल आजन्म बंदी आली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. शेजारी बसलेल्या पत्नीलाही कळू नये अशा रीतीने घर बुडविणारी करमणूक ही करमणूक नव्हेच.

मैदानाने स्वतःला सुधारले

येथवर वाचून निराश होण्याचे कारण नाही. या कथेचा सर्वांत उपयुक्त भाग पुढेच आहे.

प्रेक्षक कमी झाले तेव्हा बेसबॉलच्या चालकांपुढे दोन मार्ग होते. तरुण पिढी बिघडली, तिला संयम नाही, असे म्हणत हळहळायचे. किंवा आपल्यात काय चुकते ते शोधायचे. २००७ साली मैदानांवर ७ कोटी ९५ लाख प्रेक्षक आले होते. २०२२ साली ती संख्या ६ कोटी ४५ लाखांवर आली. सामना सरासरी तीन तासांहून अधिक रेंगाळत होता. संध्याकाळी सातला सुरू झालेला खेळ संपवून, मोटारींच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र व्हायची. दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या दोघांना ते कसे परवडावे? तान्हे मूल असेल तर विचारच नको.

२०२३ च्या हंगामापासून चालकांनी पिचरच्या डोक्यावर घड्याळ बसविले. २०२३ सालच्या नियमानुसार धावपट्ट्या मोकळ्या असतील तर १५ सेकंदांत, कोणी खेळाडू बेसवर असेल तर २० सेकंदांत चेंडू फेकावाच लागे. ज्या खेळाला घड्याळ नाही याचा जुन्या रसिकांना अभिमान होता, त्यात घड्याळ आले. पुष्कळ ओरड झाली. परंतु सामन्याचा सरासरी वेळ एका वर्षात तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. खेळाचे नऊ डाव तसेच राहिले, सातव्या डावातले गाणेही राहिले. गेला तो निव्वळ पाल्हाळ. त्या वर्षी प्रेक्षकसंख्या ७ कोटींच्या वर गेली आणि २०२४ मध्ये आणखी थोडी वाढून ७ कोटी १३ लाख झाली.

यापूर्वीही त्यांनी असेच केले होते. २४ मे १९३५ रोजी सिनसिनाटी येथे मेजर लीगचा पहिला सामना विजेच्या प्रकाशात झाला, कारण दुपारच्या सामन्याला नोकरदार माणूस येऊ शकत नव्हता. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबून दिवे उजळले. लोक येत नाहीत, तर लोकांच्या वेळेला आपण गेले पाहिजे, हे सूत्र तेव्हाही होते.

अर्थात तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. मोठ्या मैदानांवरील तिकिटे, वाहनतळाचे शुल्क आणि खाद्यपदार्थांचे दर मिळून सामान्य कुटुंबाच्या खिशाला भोक पडते. २०२१ पासून मेजर लीगने आपल्याशी संलग्न छोट्या संघांची संख्या १२० वर आणली आणि चाळीसहून अधिक गावांचे जुने नाते तुटले. एकीकडे प्रेक्षक मिळवायचे आणि दुसरीकडे गावाचे स्वस्त मैदान दुबळे करायचे, ही विसंगती त्यांना कधी तरी महागात पडेल.

आपल्या मुलांसाठी

आपल्या परदेशस्थ मुलांचा या कथेशी संबंध कोठे येतो, तेही सांगितले पाहिजे. डॅलसजवळील ग्रँड प्रेअरी येथे एका छोट्या संघाचे बेसबॉल मैदान होते. ते क्रिकेटसाठी बदलण्यात आले आणि जुलै २०२३ मध्ये तेथे मेजर लीग क्रिकेटची सुरुवात झाली. ६ जून २०२४ रोजी विश्वचषकात याच मैदानावर अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरविले. ते निर्णायक षटक टाकणारा सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा मुलगा, मुंबईकडून रणजी खेळलेला आणि त्या वेळी अमेरिकेत संगणक अभियंता म्हणून नोकरी करणारा. नोकरी सांभाळून सुटीचा वेळ मैदानाला दिला की माणूस कोठवर जातो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही. त्याला तेथे घेऊन गेली ती शनिवार-रविवारी घराबाहेर पडून अकरा जणांत मिसळण्याची सवय.

तेव्हा मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांना एक सुचवावेसे वाटते. तेथे जाऊन भारतीय वाहिन्यांपुढे बसू नका. सूनबाईंना आणि मुलाला म्हणा, आम्हांला एकदा तुमच्या गावातला सामना दाखवा. मोठ्या संघाचा नको, जवळच्या छोट्या संघाचा पुरे. नोंदवही कशी लिहितात ते शिकून घ्या. शेजारी बसलेल्या अमेरिकन आजोबांना विचारा, ते आनंदाने शिकवतील. परका देश आपला वाटू लागण्याची सुरुवात अशा बाकावरच होते, आणि मुलांनाही शेजारी मिळतो तो तेथेच.

आणि येथे, आपल्या गावांत सार्वजनिक उपक्रम चालविणाऱ्यांना दुसरे सुचवावेसे वाटते. व्याख्यानमाला असो, संगीतसभा असो की नाट्यस्पर्धा, तरुण जोडपी येत नाहीत ही तक्रार सार्वत्रिक आहे. त्यांना घरच्या पडद्याने पळविले, असे आपण म्हणतो. पण साडेसहाची वेळ छापून सव्वासातला सुरू होणारा कार्यक्रम, स्वागत-सत्कारांचे अर्धा तास चालणारे सत्र, लहान मुलाला घेऊन बसण्याची सोय नाही आणि संपण्याच्या वेळेचा भरवसा नाही, याला जबाबदार कोणता पडदा? शंभराहून अधिक वर्षे जुन्या खेळाने अभिमान बाजूला ठेवून पंधरा सेकंदांचे घड्याळ स्वीकारले. आपण निदान ठरल्या वेळी सुरू करून ठरल्या वेळी संपवू शकतो. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर सुरुवातीच्या वेळेबरोबर समाप्तीची वेळही छापावी आणि ती पाळावी. एवढे करून पाहावे, आणि मग किती तरुण जोडपी येतात ते मोजावे.